विजयाकाकूंच्या शेजारची सीट

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी सगळंच सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी अमेरिकेत, चँडलरला राहते. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. नवरा तेव्हा कामासाठी बहुतेक बाहेरगावी असायचा आणि माझ्या शिफ्ट विचित्र — त्यामुळे जुई, आमची एकुलती मुलगी, तेव्हा बारा वर्षांची, शाळेतून आली की विजयाकाकूंकडे जायची. काकू आमच्या गल्लीतच राहायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, रिटायर्ड भूलतज्ज्ञ, काका जाऊन बरीच वर्षं झालेली. आणि बेसबॉलच्या वेड्या. आमच्या इथल्या टीमची सीझन तिकिटं त्यांच्याकडे काका असल्यापासून होती. दोन सीट. काका गेल्यावरही त्यांनी दुसरी सोडली नव्हती.

त्या वर्षी त्या सीटवर जुई बसायला लागली.

मला आधी बरंच वाटलं — खरंच. पोरगी आयपॅडपासून तरी दूर राहील. मार्चमध्ये सराव सामने असतात, त्याला दोघी गेल्या, गवतावर चादर टाकून, डब्यात दडपे पोहे घेऊन. एप्रिलमध्ये खरा सीझन सुरू झाला आणि टीम हरत सुटली. मला वाटलं, आता हे खूळ उतरेल. उलटंच झालं. हरणाऱ्या टीमवर दोघींचा जीव जास्तच जडला.

एका संध्याकाळी मी तिला आणायला गेले. दार उघडंच होतं. आत टीव्हीवर मॅच चालू होती आणि जुई बोलत होती, "काकू, तो दमलाय. बघा ना, बॉल टाकताना त्याचा हात खाली पडतोय. आता काढायला पाहिजे त्याला."

मराठीत. सलग, न अडखळता.

माझ्याशी ती मराठीत बोलायची नाही. मी विचारायचे, आज काय झालं गं शाळेत? उत्तर यायचं, "नथिंग, आई." रविवारच्या मराठी शाळेत तिला किती वर्षं ओढत नेलं होतं मी. आणि इथे, सोफ्यावर पाय पसरून, दुसऱ्या बाईपाशी — मी दारात तशीच उभी राहिले. तुमचं पोर दुसऱ्या कुणापाशी असं मोकळं झालेलं पाहिलंय तुम्ही? आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. सत्तरीच्या एका एकट्या बाईवर मी जळत होते.

मग मला सगळंच दिसायला लागलं. जुई काकूंसारखी "अगं बाई" म्हणायची. काकूंसारखी नखं खायची, मॅच अडली की. ऑगस्टमध्ये तिच्या वाढदिवसाला मी रजा काढली, तिच्या आवडीच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलं. तिने हळूच विचारलं, "आई, त्या दिवशी मॅच आहे. कॅन आय गो विथ काकू?" मी रेस्टॉरंट कॅन्सल केलं. हसून केलं. ती परत आली तेव्हा ओरडून ओरडून आवाज बसला होता. टीम जिंकली होती. त्या महिन्यात टीम जिंकायलाच लागली होती, आणि मी — हे लिहिताना लाज वाटते — मी रोज सकाळी स्कोअर बघायचे, हरली असेल या आशेने.

सप्टेंबरच्या शेवटी घरच्या मैदानावरची शेवटची मॅच होती. जिंकली तर टीम पुढच्या फेरीत. जुई स्विमिंगला गेली असताना काकू घरी आल्या. म्हणाल्या, "यायला उशीर होईल गं, दुसऱ्या दिवशी शाळा आहे तिला. म्हणून तिच्याकडे काही बोलले नाही. आधी तुला विचारते."

मी म्हटलं, "तिला विचारून सांगते."

विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला. "काकू, तिला मैत्रिणींबरोबर बघायचीय मॅच. तुम्हाला कसं सांगू म्हणून गप्प बसलीय."

काकू म्हणाल्या, "बरं. तिला म्हणावं, मजा कर."

आणि जुईला सांगितलं — काकू त्यांच्या भाचीला नेतायत.

"त्या असं म्हणाल्या?"

"हो."

"ओके," ती म्हणाली. रडली नाही. खोलीत गेली. तिने ती मॅच लावलीसुद्धा नाही.

टीम जिंकली. दुसऱ्या दिवशी काकू तिच्यासाठी टीमची टोपी घेऊन आल्या. जुईने खोलीचं दार उघडलं नाही. मी म्हटलं, "होमवर्क आहे खूप." काकूंना कळायचं ते कळलं. म्हणजे, मला हवं होतं ते. एकदा खोटं बोलले, पुढचं त्या दोघींनीच एकमेकींना खरं करून दाखवलं. मी जुईला शाळेतल्याच आफ्टरस्कूलला घातलं, शाळा सुटल्यावर मुलं तिथेच थांबतात. तिने का म्हणून विचारलं नाही. पुढच्या फेरीत टीम लगेच हरली, तेही मला ऑफिसात कुणाच्या तरी बोलण्यातून समजलं.

त्यानंतर जुई माझ्याशी मराठीत बोलायला लागली का? नाही. मराठीत ती मग कुणाशीच बोलली नाही.

दोन वर्षांनी काकू दुसऱ्या राज्यात, अर्विंगला मुलाकडे राहायला गेल्या. जायच्या आधी निरोप घ्यायला आल्या. जुई घरी नव्हती. चहा पिताना म्हणाल्या, "त्या शेवटच्या मॅचला मी एकटीच गेले होते. शेजारच्या सीटवर पर्स ठेवली." मग माझा चेहरा बघून माझ्या हातावर हात ठेवला. "मुलं मोठी होतात गं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

माझी समजूत घालत होत्या त्या. मी चहाचे कप उचलून सिंकमध्ये ठेवले.

जुई आता कॉलेजात आहे. मागे एकदा तिची मैत्रिणीशी काहीतरी बिनसलं, मी समजवायला गेले, तर म्हणाली, "इट्स फाइन, आई. कुणी जास्त आवडीचं मिळालं की लोक जातातच." ती हे कुठे शिकली, मला विचारावं लागलं नाही.

काकू अजून दिवाळीला फोन करतात. यंदाही केला. त्यांचा आवाज आता बारीक झालाय, मध्येच शब्द विसरतात. मुलाने गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला लावलं, ते सगळं सांगितलं. मग विचारलं, "जुई आलीय का गं दिवाळीला?"

जुई वर तिच्या खोलीत होती. हेअर ड्रायरचा आवाज येत होता.

"नाही, काकू," मी म्हटलं. "यंदा नाही जमलं तिला."