पाचपैकी पाच

उताऱ्याखालच्या पाचही प्रश्नांची उत्तरे बरोबर लिहिणाऱ्या माणसाला तो उतारा समजला होता, असे म्हणायचे की नाही? वाचनाच्या आकलनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे चाळूनही या ओळी लिहिणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही. ज्या बाईपायी हा प्रश्न उभा राहिला, तिची हकिकत मात्र सांगता येईल.

ती मटार गोठवण्याच्या कारखान्यात पट्ट्यावर होती. धुतलेले दाणे रबरी पट्ट्यावरून सरकत येत आणि दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या बायका त्यातला किडका दाणा, देठाचा तुकडा, खडा उचलून बाजूच्या डब्यात टाकत. नवखी बाई दाणे पाहायला जाते आणि तासाभरात तिला गरगरू लागते. मुरलेली बाई दाण्यांकडे पाहतच नाही; जे दाण्यासारखे नाही तेवढेच तिला दिसते. हिची नजर या कामात इतकी तयार झाली होती की पट्ट्याच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या तिच्या धाकट्या जावेने तिचे नाव घार ठेवले. त्याला ताई जोडून कारखान्याने ती घारताई करून टाकली.

गुडघे मात्र नजरेइतके तयार राहिले नव्हते. ओल्या फरशीवर, थंड हवेत वर्षानुवर्षे उभे राहिल्यामुळे संध्याकाळी घरचा जिना चढताना तिला कठड्याला धरून थांबावे लागे. पाळीच्या पर्यवेक्षकाला खुर्ची होती. त्या खुर्चीवर तेव्हा एक वयस्क गृहस्थ बसत. सगळे त्यांना काका म्हणत. पण कारखान्याचा माल परदेशी जाऊ लागला, मुख्य कार्यालयाने नियम काढला की यापुढे पर्यवेक्षकाला इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल, आणि काका दोनदा नापास होऊन गोदामात गेले. खुर्ची रिकामी झाली. घारताईने शिकवणी लावली.

वह्या-पेनांच्या दुकानावरच्या खोलीत मास्तर शिकवत. समोर बसत ते टंकलेखक, परिचारिका, दोन वाहनचालक आणि ही. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, "भाषा शिकायची असेल त्यांनी दुसरीकडे जावं. इथं परीक्षा शिकवली जाते."

परीक्षा ते खरेच उत्तम शिकवत. व्याकरण म्हणजे सामान हलवणे: कर्त्याला उचलून शेवटी ठेवा, कर्माला पुढे आणा, मधे बाय घाला, झाला कर्मणी. "अहो, पण या क्रियापदाचा अर्थ काय?" असे एका परिचारिकेने विचारले, तेव्हा मास्तर म्हणाले, "कोणी कोणाला काय केलं, याच्याशी आपल्याला काय करायचंय? केलं ना? मग उलटवा."

उताऱ्याची रीत याहून सोपी होती. उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न वाचायचा. व्हेअर असेल तर जागा, हू असेल तर मोठ्या अक्षराचे नाव, व्हाय असेल तर बिकॉज. प्रश्नातला ठळक शब्द डोळ्यात धरायचा, उताऱ्यावरून नजर फिरवायची, तो शब्द दिसला की ती ओळ उचलायची आणि उतरवायची. इतरांच्या यात नाकी नऊ येत, कारण ते वाचायचा प्रयत्न करत. घारताईला तसे काही करावेच लागले नाही. ओळी तिच्यासमोरून सरकत आणि हवा तो शब्द आपण होऊन वर येई. मास्तर तिचा कागद वर्गाला दाखवत. "याला म्हणतात आकलन."

एकदा ती घरी सराव करत असताना तिच्या शाळकरी मुलीने कागद ओढून घेतला. मुलगी इंग्रजी बऱ्यापैकी वाचत असे. तिने उतारा वाचला, आईची उत्तरे वाचली, पुन्हा उतारा वाचला.

"सगळी बरोबर आहेत, आई. पण तू हसत काय होतीस लिहिताना?"

"होडीची गोष्ट आहे ना? मुलं होडीतून फिरायला जातात."

"बुडतात ती. तिसऱ्या ओळीत होडी उलटते. शेवटी त्यांची आई काठावर उभी आहे."

घारताईने कागद परत घेतला. हाऊ मेनी या प्रश्नापुढे तिने तीन लिहिले होते. बुडालेल्यांचा आकडा तिने स्वतःच्या अक्षरात, नीट, ओळीवर लिहिला होता. तिच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी तिने मास्तरांना विचारले, तर ते म्हणाले, "बाई, परीक्षेत रडण्याला गुण नसतात." वर्ग हसला. तीही हसली.

ती पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाली.

जावेने पट्ट्यावरून सलाम ठोकला. "घारताई, आता शिंकाल ती इंग्रजीतच शिंका हं. आम्ही थँक्यू म्हणू."

"आधी हात चालव. तोंड काय, चालूच असतं."

"तोंडाचं वेगळं बिल लावत नाही मी, म्हणून चालतंय."

पर्यवेक्षकाचे काम बसून करायचे होते आणि त्यात एक गोष्ट नवीन होती. मुख्य कार्यालयातून सुरक्षेच्या सूचना येत: एक पान इंग्रजी मजकूर आणि खाली पाच प्रश्न. पर्यवेक्षकाने मजकूर वाचायचा, उत्तरे लिहायची, सही करायची आणि आपल्या पाळीतल्या बायकांना काय ते सांगायचे. काका असताना ते कागद घेऊन सरळ व्यवस्थापकांकडे जात आणि सगळ्यांसमोर म्हणत, "साहेब, यात काय लिहून आलंय ते आपल्या भाषेत सांगा." साहेब वैतागत, पण सांगत. मग काका पट्ट्याशी येऊन तेच ओरडून सांगत. आता साहेबांची ती कटकट संपली होती. "परीक्षा झालेली माणसं आली, सुटलो," ते म्हणाले. "तुम्ही वाचा, तुम्हीच सांगा. मी मधे कशाला?"

पहिला कागद आला तेव्हा घारताईने तो टेबलावर ठेवला आणि नेहमीच्या रीतीने पाचही उत्तरे लिहिली. पाचपैकी पाच गुण मिळाले. बायकांना तिने सांगितले, "हात धुवा, टोप्या नीट घाला." सुरक्षेचे दुसरे काय असणार? दुसऱ्या कागदाच्या वेळी तिने शब्दकोश आणला, पण एकेका शब्दाचे चार अर्थ निघाले आणि पाळी संपायला आली. तिसऱ्या वेळी कागद मुलीला दाखवावा म्हणून तिने घडी घालून पिशवीत ठेवला, तर फाटकावरच्या रखवालदाराने तो काढून घेतला. कारखान्याचे कागद बाहेर नेता येत नसत. चौथ्या वेळी तिने प्रयत्न सोडला. गुण पूर्ण मिळतच होते. साहेबांनी तिचे कागद फलकावर लावले.

तरी झोप नीट लागत नसे. एकदा जेवताना तिने नवऱ्याला सांगितले. तो शिवणयंत्रे दुरुस्त करत असे, कमी बोलत असे.

"मग सांग ना साहेबाला, कळत नाही म्हणून."

"सांगितलं तर परत पट्ट्यावर. आणि परीक्षा लबाडीनं दिली म्हणतील ते वेगळंच."

"लबाडी केलीस का?"

"नाही. मास्तरांनी शिकवलं तस्संच केलं."

"मग भितेस कशाला?"

तिने ताटे उचलायला घेतली. ती दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत गेली खरी. ती म्हणाली, "साहेब, त्या सूचना… मला वाटतं, कोणीतरी एकदा समजावून दिल्या तर—" साहेबांनी मान वर न करता फलकाकडे बोट दाखवले. "तुम्हाला समजावायचं? सगळ्या शाखांत तुमचे गुण वर आहेत, बाई. एवढा नम्रपणा बरा नाही." ती बाहेर आली. आपले कौतुक झाले याचा तिला आनंद झाला, आणि हा आनंद झाला याचीच तिला पुढे फार दिवस लाज वाटत राहिली.

हिवाळ्यात यंत्रघरात नवीन यंत्र बसले. गोठवण्यासाठी अमोनिया वायू लागतो; त्याच्या नळ्या बदलल्या गेल्या आणि एक जाड नळी भिंतीतून मागच्या अंगणाकडे काढली गेली. छपरावर काठीला एक नारिंगी कापडी पिशवी बांधली गेली. ती वाऱ्याने फुगे. बायकांना तिचा काही बोध होईना.

"साहेबांची विजार वाळत घातलीय," जाऊ म्हणाली. "एकच पाय आहे, दुसरा मुख्य कार्यालयात."

पट्ट्यावर हशा पिकला. घारताईही हसली, पण तिने वर पुन्हा एकदा पाहिले. त्याच आठवड्यात कागद आला होता आणि तो नेहमीपेक्षा लांब होता. त्यात यार्ड हा शब्द होता, विंड हा शब्द होता, आणि दोन ठिकाणी शब्द ठळक छापले होते. व्हेअरला जागा सापडली, व्हायला बिकॉज सापडला. तिने उत्तरे लिहिली. ठळक शब्दांवर तिचे बोट थोडा वेळ थांबले. ते प्रश्नात आलेले नव्हते. तिने सही केली.

कागदात लिहिले होते ते असे: धोक्याचा भोंगा वाजला तर यापुढे मागच्या अंगणात जमू नये, कारण दाब वाढल्यास वायू आता त्या बाजूला सोडला जाईल, पुढच्या दाराने रस्त्यावर जावे आणि छपरावरची पिशवी पाहून वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहावे.

भोंगा मार्चमध्ये एका दुपारी वाजला. बायकांनी पट्टा थांबवला आणि तिच्याकडे पाहिले. काकांच्या वेळेपासून भोंगा वाजला की मागच्या अंगणात जायचे, हे सर्वांना ठाऊक होते. वर्षातून एकदा त्याचा सरावही होई. घारताईने मागचे दार उघडले आणि शिकवल्याप्रमाणे आपण दाराशी थांबून एकेकीला पुढे काढले. धाकटी जाऊ सर्वांत आधी बाहेर पडली. "चला गं, ऊन खाऊ," ती मागे वळून म्हणाली. तिच्या पाठीमागे भिंतीतल्या नळीतून पांढरे काहीतरी फुसफुसत बाहेर आले आणि धुक्यासारखे खाली बसू लागले.

मेले कोणी नाही. डोळे गेले नाहीत. पुढच्या चौघी-पाचजणींना दवाखान्यात राहावे लागले आणि बाकीच्या बऱ्या झाल्या. जावेचा घसा मात्र आतून भाजला होता. डॉक्टरांनी सांगितले की आवाज परत येणार नाही, कुजबुज तेवढी राहील.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. त्या शांत होत्या, बोलणे अदबीचे होते. साहेब कोपऱ्यात बसले होते. टेबलावर तो कागद होता.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"अंगणात जायचं नाही, कारण तिथं वायू सोडला जाईल. असं तुम्ही स्वतः लिहिलंय. म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"नव्हतं माहीत."

"मग लिहिलं कसं?"

घारताईने मास्तरांची रीत सांगितली. सांगता सांगता ती स्वतःलाच खोटी वाटू लागली. चौकशीच्या बाईंनी ऐकून घेतले, पिशवीतून एक छापील पान काढले आणि तिच्यापुढे ठेवले. नवा उतारा होता, खाली प्रश्न होते.

"हा सोडवा."

तिने पेन उचलले, आणि मग तिला कळले की यातून सुटका नाही. उत्तरे बरोबर आली तर ती समजून-उमजून बायकांना त्या दारातून घेऊन गेली होती. चुकली तर मुद्दाम चुकवली होती. ती पानाकडे न पाहण्याचा प्रयत्न करत बसली, पण नजर सवयीची होती. पहिल्या प्रश्नातला शब्द तिसऱ्या ओळीत आधीच वर आला होता.

तिने पेन खाली ठेवले. "बाई, प्रश्न नका विचारू. उतारा कशाबद्दल आहे ते विचारा."

"कशाबद्दल आहे?"

"मला माहीत नाही."

"असं म्हणणं फार सोपं आहे," बाई म्हणाल्या, आणि त्या अजिबात रागावलेल्या नव्हत्या.

कोपऱ्यातून घसा खाकरल्याचा आवाज आला. घारताईने मोठ्या आशेने तिकडे पाहिले. तिने सूचना समजावून मागितल्या होत्या, हे त्या खोलीत आणखी एकाच माणसाला ठाऊक होते. साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

अहवालात नोंद झाली की सूचना पर्यवेक्षिकेला पूर्णपणे समजली होती आणि तिने ती पाळली नाही. तिला कामावरून काढले. दीर बोलेनासा झाला. जावेला भेटायला ती गेली ती फार उशिरा, दीर घरी नसतानाची वेळ साधून. जाऊ खिडकीशी बसली होती. बोलायला श्वास पुरत नसल्यामुळे ती शब्द मोजून वापरत होती.

"तुला माहीत होतं का?"

"नाही."

"कागदावर तर आहे म्हणे."

"कागदावर आहे. मला माहीत नव्हतं."

जावेने जवळ येण्याची खूण केली, आणि घारताईला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

"तू पास झालीस ना, त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं होतं. आता आपल्यात वाचणारं माणूस आलं. आता घाबरायचं नाही."

जावेचा विश्वास बसला की नाही, हे घारताईने विचारले नाही. ती थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली, कारण गुडघे सरळ होईनात.

२०१९ साली त्या कारखान्यात पर्यवेक्षकपदासाठी इंग्रजीची परीक्षा पुन्हा घेण्यात आली. बसलेल्या सगळ्याजणी उत्तीर्ण झाल्या.