पडद्याखालची पेटी

आबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन जळगावला झालं तेव्हा मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेन. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि आबांबरोबर जाण्यासारखं घरात दुसरं कोणी नव्हतं. मी माझी दोन मुलं सासूबाईंच्या स्वाधीन केली, माहेरी आले, आबांना बैलगाडीतून दोंडाईच्याला आणलं आणि तिथून आगगाडीनं जळगावला.

दवाखान्यात सहा दिवस त्यांना उताणं निजवून ठेवलं होतं. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी वाळूच्या पिशव्या. मी खाटेखाली फरशीवर झोपायची. पाणी चमच्यानं पाजायचं, कूस बदलू द्यायची नाही, आणि दर थोड्या वेळानं ते विचारायचे, "दिन शे का रात शे?" त्याचं उत्तर द्यायचं. सातव्या दिवशी डॉक्टरांनी सोडलं, पण रोज सकाळी पट्टी बदलायला यायला सांगितलं आणि डोळ्यांवर हिरव्या कापडाची झापड बांधून दिली. उजेड अजिबात लागू द्यायचा नाही असं बजावलं. आम्ही स्टेशनजवळच्या धर्मशाळेत एक खोली घेतली. मी इतकी थकले होते की चुलीपुढे बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा आणि भाकरी करपायची.

धर्मशाळेच्या मागे एक रस्ता सोडून थेटरांची ओळ होती. एक जुनं नाटकगृह, एक तमाशाची कनात आणि पत्र्याचं छप्पर असलेलं एक सिनेमाघर. दिवस कलायला लागला की सिनेमावाले दारावरच्या माचीवर बॅंड बसवायचे. ताशे, पिपाण्या आणि एक मोठा ढोल. तो आवाज धर्मशाळेच्या खोलीत शिरला की आबा मान तिकडे वळवायचे.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "बाजा कोठे वाजी राह्यना?"

"सिनेमा शे आबा, तठे."

एवढंच सांगून मी चुलीकडे वळले. कारण त्या सिनेमात पेटी वाजवणारा माणूस माझा सख्खा भाऊ होता, आणि ते मला ठाऊक होतं.

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. एकोणिसाव्या वर्षी एका नाटक मंडळीबरोबर घर सोडून गेला. आवाज पातळ आणि गोड, चेहरा नितळ, म्हणून त्याला बायकांची कामं दिली. त्याच वर्षी मंडळी गावोगाव फिरत आमच्या बाजूला आली, तेव्हा गावातल्या कुणीतरी आबांना सांगितलं की तुमचा मुलगा लुगडं नेसून रडत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. आबांनी ओट्यावर बसून सगळ्यांच्या देखत सांगितलं, "माले अंडोर नही." मला मुलगा नाही. त्यानंतर चौदा वर्षं घरात त्याचं नाव निघालं नाही. आई गेली तेव्हा त्याला कळवायचं कुठं, हेही कुणाला माहीत नव्हतं. नंतर बांगड्या विकणाऱ्या एका बाईनं मला सांगितलं की मंडळी मोडली आणि तुझा भाऊ जळगावला सिनेमात पेटी वाजवतो.

चौथ्या संध्याकाळी आबांना शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बाईंपाशी बसवलं आणि दळण आणायला जाते असं सांगून निघाले. खोटं बोलण्याइतपत त्राण कुठून आलं कोण जाणे.

रस्त्यावर पाऊल ठेवलं आणि डोळे दिपले. आमच्या गावात उजेड म्हणजे कंदील. इथं सिनेमाच्या दारावर तांबड्या, हिरव्या, निळ्या दिव्यांची माळ होती, आणि ती आपोआप विझायची नि पेटायची. मागच्या अंगाला इंजिन धकधकत होतं, त्याच्या तेलाचा वास सगळ्या रस्त्याला होता. नाटकगृहापुढे एक माणूस गॅसबत्तीसमोर रंगीत काचांचं चाक फिरवत होता, त्यामुळे समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रंग धावत होते आणि माणसं ते बघायला उभी होती. कनातीतून ढोलकी ऐकू येत होती. बॅंडवाले गाल फुगवून वाजवत होते. भजी, गंडेरी, गजरे. एवढ्या गर्दीत, एवढ्या लखलखाटात मला एकच गोष्ट हवी होती, कुठंतरी टेकायला मिळावं.

बायकांची बसायची जागा मागे, पुरुषांपासून आडपडद्यानं वेगळी केलेली होती. बाकावर बसले. दिवे गेले, समोरच्या कापडावर एक राजा आला, घोडे आले, आणि पुढच्या बाकावरची एक शिकलेली बाई मधली अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवू लागली. कापडाच्या खाली, अंधारात, पेटी आणि तबला सुरू झाला. मी मान लांब करून बघितलं. फक्त एका माणसाची पाठ दिसत होती. घोडे धावले की पेटी धावायची, राणी रडली की पेटी रडायची. हा माझा भाऊ, असं मी मनाशी म्हटलं आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही. मी झोपले. सबंध खेळ झोपून काढला.

जागी झाले ती दारवानाच्या आवाजानं. "बाई, उठा. खेळ संपला. बरोबर कोणी आहे का?"

मी म्हटलं, "पेटीवाले माझे भाऊ आहेत."

तो मला पुढे घेऊन गेला. भाऊ पेटीवर कापड घालत होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला, आणि मलाही त्याला. गाल बसले होते, कानांपाशी पांढरे केस होते. तेहतीस वर्षांच्या माणसाचे इतके केस पांढरे व्हावेत याचं मला वाईट वाटलं.

"बाई, तू?" तो म्हणाला. मग एकदम, "माय कशी शे?"

मला ते सांगावं लागलं. त्यानं पेटीवरचं कापड काढलं आणि पुन्हा घातलं. मग मी आबांच्या डोळ्यांचं सांगितलं.

"रोज तीन खेळ वाजवतो," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याची बोली शहरी झाली होती. "सहा वर्षं झाली. बोटं झोपेतसुद्धा चालतात. आणि आता मालक म्हणतात, बोलणारं यंत्र येतंय. चित्रातलीच माणसं गाणार. मग पेटीवाला कशाला?" तो हसला, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "आबांना एकदा ऐकवायचं होतं. नाटकातलं नको. हे तरी."

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलून आल्यावर मी आबांना सगळं सांगून टाकलं. खोटं आणखी ओढत नेण्याची ताकद माझ्यात नव्हती. मला वाटलं, ते ओरडतील. ते खाटेवर बसून राहिले. दुपारी जेवले, निजले, उठले. बॅंड सुरू झाला तेव्हा म्हणाले, "कितलं लांब शे?"

"जवळच शे आबा."

"माले काय दिखनार शे तठे?"

"काही नही. आयकू येई."

मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला. झापडेवरून आणखी एक फडकं बांधलं. त्या उजेडातून, त्या गर्दीतून त्यांना नेताना मला घाम फुटला. लोक धक्के देत होते, आबा पायानं जमीन चाचपत होते. दारवानानं आम्हाला बायकांच्या जागेत न पाठवता पुढे, वाजवणाऱ्यांच्या शेजारच्या बाकावर बसू दिलं. पडद्याचा उजेड तोंडावर येऊ नये म्हणून मी आबांना पाठमोरं बसवलं. सगळं थेटर पडद्याकडे बघत होतं आणि आबा थेटराकडे तोंड करून बसले होते. भाऊ त्यांच्यापासून चार हातांवर होता. त्यानं वाकून नमस्कार केला. आबांना ते दिसलं नाही, मी सांगितलंही नाही.

खेळ सुरू झाला. आबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले. भाऊ त्या दिवशी घाबरून वाजवत होता. एक-दोनदा चुकलाही, कारण तबलजीनं त्याच्याकडे चमकून बघितलं.

अर्धा खेळ झाला असेल, तेव्हा मागचं इंजिन दोनदा खोकल्यासारखं झालं आणि बंद पडलं. पडदा काळा झाला, दारावरची माळ गेली. हजार माणसं एकदम ओरडायला लागली. शिट्ट्या, बाकांचे आवाज, मागून कुणीतरी उसाच्या गंडेरीचा चोथा फेकला. मालकाचा माणूस अंधारात चाचपडत आला आणि भावाला म्हणाला, "वाजवा हो काहीतरी, नाहीतर बाकं मोडतील!"

भावानं पेटी ओढली आणि गायला लागला. चौदा वर्षांपूर्वीचा तो पातळ आवाज राहिला नव्हता. जाड झाला होता, वर चढताना फाटत होता. एक साधं भजन होतं. लोक ऐकेनात. "गाणं नको, सिनेमा लावा!" असं ओरडू लागले. एकजण बायकी आवाज काढून त्याची नक्कल करू लागला आणि भोवतालचे हसले. भाऊ थांबला नाही, पण त्याचा आवाज खाली गेला.

तेव्हा आबा उठले. मी त्यांचं धोतर धरलं, तरी उठले. त्या अंधाराचं त्यांना काहीच नव्हतं, अकरा दिवस ते अंधारातच होते. शेतात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारायचे त्या आवाजात ते ओरडले, "गप बठा रे बठ्ठा! तो गाई राह्यना, दिखत नही का?"

पुढच्या रांगा गप्प झाल्या. मग मागच्याही. कदाचित कोण ओरडलं ते कुणाला कळलं नाही, म्हणून असेल. भावानं पुढचं कडवं घेतलं. सूर लागत नव्हता, पण थेटरानं ऐकून घेतलं. तिसऱ्या कडव्याच्या मधोमध इंजिन सुरू झालं, राजा पडद्यावर परत आला आणि लोकांनी आरोळी ठोकली. भाऊ गाणं अर्धं सोडून पुन्हा घोड्यांच्या मागे लागला.

खेळ सुटल्यावर तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला. मी आबांचा हात त्याच्या हातात दिला. आबा त्याची बोटं दाबून बघत होते, बाजारात बैलाचा खूर बघावा तशी.

"जेवना का तू?" आबांनी विचारलं.

"नाही," भाऊ म्हणाला. मग त्याला आठवलं असावं, "नही आबा."

त्या रात्री तो आमच्या खोलीत जेवला. मी भाकरी केल्या, तो आणि आबा शेजारी बसले. आबांनी फक्त आईच्या आजारपणाचं थोडं सांगितलं. जेवण झाल्यावर भाऊ तिथंच भिंतीशी टेकून झोपला. त्याच्या अंगावर मी माझी चादर टाकली.

चार दिवसांनी दवाखान्यात झापड काढली, तेव्हा तो बरोबर होता. आबांना उजव्या डोळ्यानं दिसू लागलं, डावा तसाच राहिला. डॉक्टरांनी बोटं मोजायला सांगितली, ती त्यांनी मोजली. मग मान वळवून भावाकडे बघितलं, खूप वेळ.

"तू म्हतारा व्हयी गया रे," ते म्हणाले.

आबांनी त्याला घरी चल म्हटलं. तो म्हणाला, यंत्र येईपर्यंत थांबतो, मालकाला शब्द दिलाय. आम्ही दोघं परत आलो. गाडीत अमळनेरपर्यंत आबा खिडकीबाहेर कपाशी बघत होते आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते.

यंत्र पुढच्या उन्हाळ्यात आलं. भाऊ घरी आला, पण शेतात त्याचं मन लागलं नाही आणि आबांनीही आग्रह धरला नाही. वर्षभरानं तो धुळ्याला गेला आणि पेट्या दुरुस्त करायचं एक लहानसं दुकान थाटलं. पुढे माझे यजमानही धुळ्याला नोकरीला लागले, तेव्हा मी अधूनमधून तिथं जायची. तो जमिनीवर मांडी घालून बसलेला असायचा, पेटीच्या पट्ट्या काढून ओळीनं मांडलेल्या. दुसऱ्यांच्या पेट्या जुळवून झाल्या की एकेक सूर दाबून बघायचा आणि बाजूला ठेवायचा. एकदा मी म्हटलं, एखादं गाणं तरी वाजव. तो म्हणाला, "नको गं बाई. बोटं दुखतात." मग त्यानं मला चहा मागवला, आणि आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसून रस्त्यानं जाणारी माणसं बघत राहिलो.