ताई लस शोधते

ताई भाकऱ्या थापत होती, तेव्हा तिच्या दंडावर चिकटपट्टीचा छोटा गोल दिसला. माझी ही मोठी बहीण एसटीत कंडक्टर आहे. डेंग्यूच्या नव्या लशीच्या चाचणीत तिने घरी न सांगता नाव दिलं होतं, हे मी खोदून विचारल्यावर तिने सांगितलं.

“म्हणजे लस मिळाली?” मी विचारलं.

“माहीत नाही. काहींना लस देतात, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं, ते सांगत नाहीत.”

“मग तुझा काय फायदा?”

“पाणी मिळालेलेही हवेतच ना. त्याशिवाय लस चालते की नाही, कळणार कसं?” भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, “आपली धाकटी मनू डेंग्यूच्या तापाने फणफणली होती, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, यावर औषध नाही, वाट बघा. तशी वाट कुणाला बघायला लागू नये.”

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. चारही प्रकारांना एकाच लशीने अडवायचं, म्हणून शोध इतका लांबला. त्या शोधात माझी ताईही आहे, नावाने नाही, चाचणीतल्या फक्त एका नंबराने.

पुढच्या आठवड्यात ती चाचणीसाठी रक्ताचा नमुना द्यायला निघाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, “ड्युटीवर का गं?”

ती बोलायच्या आत मीच म्हणाले, “नाही काकू, डेंग्यूची लस शोधायला.”