डेपो नसलेला देश

डेपोकाका हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलं आणि बघता बघता मोठ्यांच्याही तोंडी बसलं. मुलांचं काही चुकलं नव्हतं. काकांनी उभ्या नोकरीत बसचा एकच मार्ग चालवला. रेल्वे स्टेशन ते पाण्याची टाकी, पाण्याची टाकी ते रेल्वे स्टेशन आणि दिवस संपला की डेपो. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी कुठल्याही खुर्चीत बसले की त्यांचा हात ती पुढेमागे करायचा दांडा शोधायला खाली जायचा. कोणाकडे जेवायला गेले की हात पुसता पुसता म्हणायचे, "चला, गाडी लावायला हवी." सख्ख्या मेहुणीच्या लग्नातसुद्धा रात्री घरी येऊन झोपले आणि सकाळी पुन्हा हजर झाले. परक्या गादीला त्यांची पाठ कधी टेकल्याचं कोणालाच आठवत नव्हतं.

अशा माणसाच्या घरात परदेशी जायचं घाटत होतं, तेही पार उत्तरेला. कारण होत्या काकू.

काकूंचे केस मासळीच्या शीतगृहात पिकले. फावड्याने बर्फ ओढायचा, खोक्यातल्या मासळीवर पसरायचा, झाकण लावायचं, पुढचं खोकं. जाड हातमोजे घातले तरी संध्याकाळी घरी येऊन पोळपाट धरताना बोटं आपली नाहीत असं वाटायचं. एका दुपारी लेकीने फोनवर त्यांना एक चित्रफीत दाखवली. डोंगराच्या कुशीतून बर्फाची नदी उतरली होती आणि तिचे तुटलेले तुकडे एका तळ्यात तरंगत होते. घराएवढे, निळे. बघता बघता त्यातला एक, झोपेत कूस बदलावी तसा, सावकाश पालथा झाला.

"हा बर्फ?" काकू म्हणाल्या. "जन्मभर मी याला ढकलत आले गं. हा असा निवांत असतो, हे मला कोणी सांगितलंच नाही." आणि जरा वेळाने, फोन परत देताना, "एकदा याच्या घरी जाऊन याला बघायचंय."

काकूंनी काही मागितल्याची घरात फारशी नोंद नव्हती. लेकीने त्याच आठवड्यात रजा टाकली आणि तिघांची तिकिटं काढली. "तिकडे गाडी भाड्याने घेऊ," ती म्हणाली. "कुठून कुठे जायचं आणि रात्री कुठे राहायचं ते बाबा ठरवतील. रस्त्यांचं बाबांना कळतं."

घोळ झाला तो इथे.

काकांनी जेवणाच्या टेबलावर त्या देशाचा नकाशा पसरला. तीन कोपऱ्यांवर बरण्या ठेवल्या, चौथ्यावर स्वतःचं कोपर. काय नव्हतं त्या देशात! ज्याच्या मागून चालत जाता येतं असा धबधबा, काळ्याभोर वाळूचा किनारा, जमिनीतून उकळत उसळणारं पाणी. आणि या सगळ्याला कवेत घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारा एकच रस्ता.

"सोपं आहे बाबा," लेक म्हणाली. "गोल फिरायचं."

काकांचा चेहरा चहात माशी पडल्यासारखा झाला. डेपोतही गोल मार्गावरच्या ड्रायव्हरांबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "गोल फिरणाऱ्या गाडीला शेवटचा स्टॉपच नसतो," ते म्हणायचे. "मग माणूस पोचला कधी म्हणायचं?"

आठवडाभर ते तांबडी पेन्सिल घेऊन नकाशावर वाकलेले होते. मग एका संध्याकाळी त्यांनी मायलेकींना बोलावून समोर बसवलं.

"पहिल्या दिवशी हा धबधबा. बघायचा, परत. दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढचा. परत. तिसऱ्या दिवशी काळी वाळू. परत."

"परत कुठे?" लेकीने विचारलं.

"डेपोत," काका म्हणाले आणि राजधानीतल्या एका ठिपक्यावर पेन्सिल टेकवली. तिथली एक खोली त्यांनी हेरून ठेवली होती. सगळ्या तांबड्या रेघा त्या ठिपक्यातून खराट्यासारख्या फुटल्या होत्या.

काकूंनी नकाशाची दुसरी कड निरखली. तिकडे एकही काडी पोचत नव्हती. "आणि माझं तळं?"

काका खाकरले. डेपोतल्या भोंग्यावर यायचा तसा आवाज काढून म्हणाले, "ते लांब पडतं. एका दिवसात जाऊन येणं होत नाही. ती फेरी वेळेअभावी रद्द."

"अहो बाबा, तिथेच राहायचं की त्या रात्री!"

"आणि इथली खोली? ती काय रिकामी ठेवायची?"

"ती घ्यायचीच नाही."

काकांना हे खरोखरच कळेना. "मग रात्री जायचं कुठे?"

काकू बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "म्हणजे तो पहिला धबधबा मी रोज जाताना बघणार आणि रोज येताना बघणार. शेवटी तोच म्हणेल, बाई, आज पुन्हा?"

लेक खो खो हसली. काकूही हसल्या. मग त्यांनी आपल्या बाजूची मिठाची बरणी उचलली आणि स्वयंपाकघरात गेल्या. नकाशाचा तो कोपरा आपोआप गुंडाळला गेला. तळं आत गेलं.

भांडण झालं नाही, तेच काकांना जड गेलं. काकू प्रवासासाठी लोकरीच्या टोप्या विणत होत्या. दुसऱ्या दिवसापासून सुया टोपलीत तशाच पडून राहिल्या.

शेवटी काकांनी आपल्या जुन्या कंडक्टरला बोलावून घेतलं. दोघांची जोडी नोकरीभर एकाच बसवर होती. त्याने एक घंटा दिली की काका थांबायचे, दोन दिल्या की निघायचे. बोलायची गरज पडत नसे.

"तूच सांग हिला," काका म्हणाले. "रात्री गाडी जागेवर लागली पाहिजे की नको?"

"कुठली गाडी?"

"भाड्याची."

"तिचे मालक काय रात्री दारात उभे राहणार आहेत, आली की नाही बघायला?" कंडक्टरने बशीत चहा ओतला. "अरे, तुझी गाडी तू गेल्या वर्षी जमा केलीस. मी होतो ना शेजारी. किल्ली दिलीस, बाहेर आलास आणि माझा रुमाल मागून घेतलास. अजून दिला नाहीस. आता कुठली गाडी परत नेतोयस?"

काका ढवळलेला चहा पुन्हा ढवळत राहिले. काकू आत आहेत याची खात्री करून हळूच म्हणाले, "दुसरीकडे झोप लागत नाही रे मला. जाग आली की दार कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. छातीत धडधडतं."

कंडक्टर हसला नाही. "नवा मार्ग सुरू करायच्या आधी रिकामी गाडी फिरवून बघतात की नाही? आज माझ्याकडे झोपायला ये."

कंडक्टरचं घर काकांच्या घरापासून दोन गल्ल्या ओलांडून, डेपोच्या समोरच होतं. काका उशी काखेत मारून जिना उतरले तेव्हा खालची मुलं ओरडली, "काका, निघालात परदेशी?"

"चाचणी आहे," काका म्हणाले.

उजाडताना ते कंडक्टरच्या गॅलरीत उभे होते. डेपोचं फाटक उघडलं आणि दिवे लावलेली, धुतलेली बस बाहेर आली. कपाळावर पाटी, पाण्याची टाकी. जन्मभर ते या वेळी तिच्या पोटात बसलेले असायचे. तिचं तोंड सकाळी असं दिसतं, हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. चालवणारी कोणी तरुण मुलगी होती. वळण तिने जरा मोठं घेतलं. काकांच्या तोंडून "अगं, आत घे!" निघालंच. पण गाडी गेली व्यवस्थित, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत ते कठड्याला धरून उभे राहिले.

घरी काकूंनी दार उघडलं. "लागली का झोप?"

"कसली लागतेय! हा घोरतो की इंजिन गरम करतो? वहिनींना शौर्यपदक दिलं पाहिजे."

"मग?"

"मग काय," काका चपला काढत म्हणाले, "सकाळ झाली."

आत जाऊन त्यांनी मिठाची बरणी स्वतः आणली, नकाशाचा कोपरा उलगडला आणि तिच्याखाली दाबला. खराटा खोडायला बराच वेळ लागला. कागद जागोजागी पातळ झाला. मग त्यांनी किनाऱ्याकिनाऱ्याने एकच रेघ ओढली आणि प्रत्येक रात्रीसाठी एक ठिपका दिला. तळ्याजवळ मात्र दोन दिले.

"तिथे दोन कशाला?" लेक दात घासता घासता डोकावली.

"पहिल्या रात्री मी जागाच असणार. दुसऱ्या दिवशी तरी मला तो बर्फ उघड्या डोळ्यांनी बघू दे."

"आणि तिथेही झोप नाही लागली तर?"

"तुझी आई आहे ना. दार कुठे आहे ते ती सांगेल."

काकूंनी हे ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. चहा आणून ठेवला, खुर्ची ओढून बसल्या, बोटाने ती तांबडी रेघ सगळी फिरून पाहिली आणि तळ्यापाशी जरा थांबल्या. मग चमचा उचलून कपाच्या कडेवर दोनदा वाजवला.

टेबलाखाली काकांचा उजवा पाय हलकेच दाबला गेला.