हद्दीतला गुलाल

महाडला एसटी स्टँडमागच्या गल्लीत सुहासचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात, आणि मी तिकडून जाताना मुद्दाम पलीकडच्या बाजूने चालतो. त्याच्या भिंतीला भिंत लावून माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चहा माझा, गप्पा त्याच्या, असा रिवाज. त्या गप्पांची फार आठवण येते.

सुहास लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करायचा. तरुणपणी मुंबईत एका चॅनेलचं काम केलेलं, तिथून एक खोड घेऊन आला होता. त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आलेख सतत थरथरत असायचा. टीव्हीवर दाखवायच्या रंगाला आणि उजेडाला हद्द ठरलेली असते. आलेखाची टोकं वरच्या रेघेपलीकडे गेली की चॅनेल कार्यक्रम परत पाठवतं. लग्नाच्या सीडीला कोण विचारतंय? पण हा पठ्ठ्या तिथेही हद्द पाळायचा. आणि आमच्याकडची माणसं अशी, की आमटीवर लाल तवंग नसला तर पंगत रुसते. बिरवाडीचा एक वधूपिता भांडायलाच आला.

"शालू लाल घेतला व्हता, तुम्ही इटकरी केलात."

"घरी टीव्हीचा रंग तुम्ही आधीच फुल्ल केलाय," सुहास म्हणाला. "मीही चढवला तर शालूचा रंग भटजींच्या धोतरावर उतरेल."

वधूपिता हसला आणि सीडी घेऊन गेला.

एका वर्षी मुंबईच्या चॅनेलने त्याच्याकडून आमच्या भागातल्या शिमग्यावर कार्यक्रम मागवला. सुहास पोलादपूरजवळच्या कापडे गावी गेला. तिथे मोरूकाका पालखी नाचवायचे; भातशेती करणारा सडसडीत म्हातारा, पण पालखीखाली शिरला की विशीतला. शूटिंग संपल्यावर त्यांनी विचारलं, "टीव्हीवर दिसन ना रे मी?"

"दिसाल काका. शब्द देतो."

काकांनी ही बातमी पोलादपूरच्या बाजारापर्यंत पोचवली. मुंबईतल्या भाच्यांनाही फोन झाले. आणि वैशाखात, बांधावर माती टाकताना छातीत कळ येऊन काका गेले.

पुढच्याच आठवड्यात चॅनेलने कार्यक्रम परत पाठवला. गुलाल उधळतानाच्या शॉटमध्ये लाल रंग हद्दीबाहेर. काका नेमके त्याच शॉटमध्ये होते, दुसरीकडे कुठेच नाही. चॅनेलमधली मुलगी फोनवर म्हणाली, "सर, तेवढा शॉट काढून टाका ना, कार्यक्रम लगेच पास होईल."

"काढायचा असता तर शब्द दिला नसता," सुहासने सांगितलं.

त्याने आधी सगळ्या चित्राचा रंग उतरवला. आलेख खाली आला, पण शिमगा सुतकी दिसायला लागला. शिव्या घालत त्याने ते पुसलं आणि फक्त गुलालाचा भडकपणा हळूहळू उतरवायला बसला. मी चहा घेऊन मागे उभा होतो. तोवर काकांच्या चेहऱ्याच्या जागी नुसता लाल डाग होता. कॅमेऱ्याने टिपलं होतं सगळं, पण रंग इतका चढलेला की त्याखाली काही दिसत नव्हतं. टोकं रेघेखाली यायला लागली तशी मिशी दिसली, मग नाक, मग डोळे. गुलाल गुलालच राहिला. सुहासने माउस सोडला आणि डोळे पुसले. माझेही भरून आले होते, पण मी चहा गार होतोय म्हणून ओरडलो.

कार्यक्रम लागला त्या दिवशी आम्ही कापड्याला गेलो. काकांची बायको येसूबाई भिंतीला टेकून बसली होती, शेजारी नात सेजल. घर माणसांनी भरलेलं. सुहासने आधी रिमोट मागून घेतला आणि टीव्हीचा रंग मध्यावर आणला. मग पालखी आली, गुलाल उडाला, आणि त्यातून काकांचा चेहरा वर आला. नाचता नाचता त्यांनी मान वळवून एका बाजूला पाहिलं आणि हसले.

"आजी, आजोबा कुठे बघतायत?" सेजलने विचारलं.

येसूबाई उठून टीव्हीपाशी गेली.

"माझ्याकडं. मी आरती घेऊन कॅमेऱ्याच्या बाजूलाच उभी व्हते गो," ती म्हणाली. "आणि मी जलमभर ह्यांना बोलत आले, पालखी खांद्यावर आली की तुम्हाला बायको दिसत नाय."