बिनविरोध

आमच्या गावात सरपंच बिनविरोध निवडायची पद्धत आहे. मारुतीच्या पारावर बैठक होते, एक नाव पुढं येतं, "कुणाची हरकत?" असं विचारतात आणि कुणी बोललं नाही की गावाची संमती झाली. मी अंबाजोगाईच्या कॉलेजात हाच विषय शिकवते: राज्य लोकांच्या करारातून कसं उभं राहतं, गप्प बसणं म्हणजे होकार का, युरोपातल्या विचारवंतांनी यावर काय काय वाद घातले.

या खेपेला पद बाईसाठी राखीव होतं. पुढाऱ्याच्या मुलानं आपल्या आईचं नाव मांडलं. तेव्हा मेंढरं राखणाऱ्या घरातली एक बाई उठली आणि मीपण अर्ज भरणार म्हणाली. गायरान सोलर कंपनीला द्यायचं चाललं होतं आणि तिची मेंढरं तिथंच चरत.

पुढाऱ्याचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. तो माझ्याकडं वळला.

"मॅडम, तुमीच शिकवलंय. एकट्याची इच्छा येगळी, सामूहिक ईहा, म्हंजे समद्यांची मिळून एक इच्छा, येगळी. न मानणाऱ्याला मानायला लावायचं, त्यातच त्याचं स्वातंत्र्य हाय."

याच उत्तराला मी त्याला पूर्ण गुण दिले होते. मी म्हटलं, भीतीनं गप्प बसलेल्याची संमती धरत नाहीत.

"ते फुडच्या धड्यात हाय, मॅडम."

पारावर हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी मी तिची कागदपत्रं क्रमानं लावली: वयाचा दाखला, थकबाकी नसल्याचा, शौचालयाचा. अर्ज छाननीत टिकला. मग गावानं ठरवलं, यंदा तिची मेंढरं कुणी रानात बसवायची नाहीत. खतासाठी शेतकरी रात्री कळप रानात बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. तिचं घर त्यावरच चालतं. मी तिला म्हटलं, माझ्या रानात बसव.

"मॅडम, तुमचं रान चार रातीचं हाय," ती म्हणाली. "बाकीच्या राती कुठं काढू?"

माघारीच्या दिवशी मीच तिला तहसीलला नेलं. साहेबांनी विचारलं, अर्ज स्वखुशीनं मागं घेताय ना? ती हो म्हणाली.

बिनविरोध निवडणुकीबद्दल गावाचा सत्कार झाला. दिवाळीनंतर गायरानाला कंपनीचं तारेचं कुंपण लागलं. तिची मेंढरं रात्री पुन्हा सगळ्यांच्या रानात बसतात. दिवसा चारायला ती त्यांना लांब डोंगराकडं नेते. परीक्षेच्या पेपरातून मी सामूहिक ईहेचा प्रश्न काढून टाकला. मुलांची तक्रार आली, मॅडम, आम्ही तोच पाठ केला होता.