पहिला प्रश्न घरचा

आमच्या चॅप्टरकडे कपाट एकच आहे, आणि त्याचीही किल्ली हरवलेली आहे. त्यामुळे आमच्याकडे साठतात ते फक्त किस्से! परदेशात पीएचडी करून मी सोलापुरात परत आले, तेव्हापासून लोक विचारतात, "तिकडं काय कमी होतं?" मी उत्तर म्हणून एखादा किस्साच सांगते.

आधी चॅप्टर म्हणजे काय ते सांगते. संशोधकांचा मान करणारी एक संस्था आहे, जगभर पसरलेली. तिथं अर्ज करून शिरता येत नाही. तुम्ही स्वतः काही नवीन शोधलं असेल, तर जुना सभासद तुमचं नाव सुचवतो. मग भाषण, मग एक छोटीशी पिन. बस्स! खुर्ची नाही, मानधन नाही. खरं संशोधन करणाऱ्याला एकटं पडू द्यायचं नाही आणि जे सापडलं ते गावाला समजेल असं सांगायचं, एवढंच काम. सोलापूरचा चॅप्टर गड्डम मॅडमनी सुरू केला. मॅडम विणकरांच्या घरातल्या, रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका.

*

चॅप्टरचं पहिलं भाषण मॅडमचंच होतं. विषय, चादरीचा रंग. स्लाइड्स, रेणूंच्या आकृत्या, सगळं इंग्रजीत! पहिल्या रांगेत त्यांच्या आई बसल्या होत्या.

टाळ्या झाल्या. "एनी क्वेश्चन्स?" मग आई उठल्या आणि तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "ते सगळं खरं गं. पण रंग जातोय का राहतोय?"

मॅडम गडबडल्या. "जातो, अम्मा."

"मग एवढा वेळ काय सांगत होतीस?"

त्याच दिवशी नियम झाला. पहिला प्रश्न घरचा! घरच्या माणसाने विचारायचं आणि त्याचं समाधान होऊन तो "झालं माझं" म्हणेपर्यंत पिन द्यायची नाही. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही चॅप्टरात असला नियम नसेल. आम्ही तो हेड ऑफिसला अजून कळवलेलाही नाही!

*

आमचे शेख सर भौतिकशास्त्राचे. छताला पांढरा रंग दिला तर सोलापूरच्या उन्हाळ्यात घर किती थंड राहतं, यावर त्यांचं काम. कॉलेजचं छत रंगवलं, मित्रांची छतं रंगवली, सगळीकडे थर्मामीटर लावले. भाषण फक्कड झालं!

त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, उठल्या. "अपने घर की छत कब रंगाते जी?"

सर कपाळ पुसत म्हणाले, "अगले हफ्ते."

"तो मेरा 'झालं माझं' भी अगले हफ्ते!"

सभागृह हसून लोळलं, पण मॅडमनी पिन शांतपणे पर्समध्ये परत ठेवली. पुढच्या रविवारी भाभींचा फोन आल्यावर मॅडम स्वतः जिना चढून गच्चीवर गेल्या. शेख सरांनी पिन घेतली तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातात ब्रश होता.

*

माझ्या वेळी पप्पा उठले. सात रस्ता चौकात त्यांचं सायकलचं दुकान आहे. मी जमिनीतल्या जिवाणूंवर जीव तोडून बोलले होते, कुठलाही प्रश्न येऊ दे, अशा जोरात होते.

"ते फोटोतलं मशीन लई भारी हाय. तसलं हितं हाय का?"

"नाही, पप्पा."

"मग?"

एवढंच. "मग?" सगळी तयारी पाण्यात!

"मशीन तिकडं आहे, पप्पा. पण माती इथं आहे."

"आन तू?"

"मी इथं."

"झालं माझं," म्हणून पप्पा खाली बसले आणि जोरात नाक शिंकरलं. आई नंतर म्हणाली, "आठवडाभर पाठ करत होते गं तो प्रश्न!"

*

यंदा मात्र गंमत संपायची वेळ आली होती. हेड ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये एक सभ्य गृहस्थ म्हणाले, गेल्या वर्षी तुमच्याकडे एकही नवा सभासद नाही, या महिन्यातही झाला नाही तर चॅप्टर बंद. मॅडमचा आयुष्यभराचा उद्योग! त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि कॅमेरा बंद केला.

नाव एकच होतं, रेणुका. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातली, पशुवैद्यक. मेंढ्यांना जंतांसाठी पाजतात ते नेहमीचं औषध आता लागूच पडत नाही, हे तिने दाखवून दिलं होतं. पण तिचे वडील, बापू, कळप घेऊन रानोमाळ. ते हॉलमध्ये येणार कसे?

"एवढ्या वेळी नियम सोडू या," कुणीतरी म्हणालं.

"नियम सोडून वाचलेला चॅप्टर मला नको," मॅडम म्हणाल्या. "बापू येत नसतील तर आपण जाऊ की!"

*

गेलो! कुंभारी गावाच्या पुढं एका मोकळ्या रानात कळप बसला होता. सकाळी मेंढ्या चरायला निघायच्या आत भाषण उरकायचं होतं. प्रोजेक्टर आणला होता, पण उन्हात काय दिसणार! शेवटी रेणुकाचे चुलते, तात्या, तिचा तक्ता दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

रेणुका सुरेख बोलली. निम्म्या मेंढ्यांना नेहमीचं औषध पाजलं, निम्म्यांना नुसतं पाणी. पंधरवड्याने लेंड्या तपासल्या, तर जंतांची अंडी दोन्हीकडं सारखीच! मग सगळ्यांनाच दुसरं औषध दिलं, ते लागू पडलं.

बापू उठले. पटका नीट केला.

"कुणाच्या मेंढ्या गं ह्या?"

"आपल्याच, बापू."

"म्हंजे माझ्या निम्म्या मेंढरास्नी तू पाणी पाजलंस?"

"व्हय, बापू."

"कुठल्या निम्म्या?"

"मला ठाऊक न्हाय. पाजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. बाटल्या मॅडमनी भरल्या."

सगळ्यांच्या माना मॅडमकडे वळल्या. शिस्तीच्या मॅडम जरा मागं सरकल्या. "कानात निळा बिल्ला असलेल्या," त्या म्हणाल्या.

बापूंनी कळपावरनं सावकाश नजर फिरवली. एक निळा बिल्ला, दुसरा, तिसरा. आमचा चॅप्टर त्यांच्या जिभेवर उभा होता आणि त्यांना घाई नव्हती.

"आन परत असली परीक्षा घेणार हाय का तुमी?"

"घ्यावीच लागेल," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना जमतच नाही!

बापूंनी तक्ता धरलेल्या भावाकडं एकदा बघितलं.

"मग तवा ह्या तात्याची मेंढरं घ्या. झालं माझं!"